न दिलेला शह

बुद्धिबळाच्या पटावर आप्पांपुढे दादा सतरा चालींत हरला आणि धाकटा टिकटिक्या एकोणीस. त्याने लगेच जाहीर करून टाकलं की दोन चाली जास्त टिकलो, म्हणजे आप्पांच्या खालोखाल या घरात आपलाच नंबर. दादाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "झालं? म्हणजे सकाळ गेली आणि आपण आहोत तिथेच."

मधलीने ओठ मिटून घेतले. दिवस मावळेपर्यंत कुणाला टाकून बोलायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. नवरा गेला त्या वर्षापासूनचा. एरवी तो पाळायला कष्ट पडत नसत. चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत टाकून काय, धरून बोलायलाही सवड मिळत नसे. पण माहेरी पाऊल टाकलं की अकराच्या आत नेम धोक्यात यायचा, आणि आता साडेबारा होत आले होते. नेमके किती, ते सांगणं कठीण होतं. भिंतीवर सात घड्याळं होती आणि सातांचं सात तऱ्हेचं म्हणणं होतं. ज्या खोलीत लहानपणी सगळे टोले एकदम पडत, तिथे आज एक घड्याळ वाजून थकलं की दुसऱ्याला आठवण येत होती.

"आप्पा, हे डावीकडचं चार मिनिटं मागे आहे," ती सकाळीच म्हणाली होती.

"त्याच्या मालकाला घाई नाही," आप्पा म्हणाले होते.

असं सगळं. सरळ उत्तर म्हणून नाही.

गुरुवारी शेजारच्या किल्लीवाल्याला वास आला म्हणून तो धावत वर आला, तेव्हा शेगडी विझलेली, गॅस सुरू, आणि आप्पा भिंग डोळ्याला लावून बाकावर बसलेले. विचारलं तर म्हणाले, "बंद करणारच होतो." त्याच्या आदल्या आठवड्यात एका बाईंचं मनगटी घड्याळ त्यांनी एका पेन्शनराला बांधून पाठवलं होतं. पेन्शनरानेही ते चार दिवस वापरलं, हा भाग वेगळा. पण किल्लीवाल्याने तिघांना फोन केला, आणि म्हणून आज रविवारी तिघं भावंडं आणि वहिनी आप्पांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत जमली होती. आप्पांनी इथे एकटं राहायचं नाही, एवढं ठरलं होतं. कुणाकडे राहायचं, ते ठरत नव्हतं.

दादाचं म्हणणं, राहू द्या इथेच, स्वयंपाकाला बाई लावू. वहिनीचं म्हणणं, बाई सकाळी येऊन जाईल, गॅस संध्याकाळीही असतो, आणि आमच्याकडे तर पोरांच्या परीक्षा. टिकटिक्याने तोडगा काढला होता, चार-चार महिने प्रत्येकाकडे. तो दंतवैद्यांना कवळ्या करून देतो. सगळ्या गोष्टी साच्यात बसवायची त्याला सवय.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "मी काय छत्री आहे? आज याच्याकडे विसरायची, उद्या त्याच्याकडे?"

मग त्यांनी पट काढला. "पांढरी मोहरी तुमची, काळी माझी. एकेकाने बसा. जो हरवेल त्याच्या घरी येतो, चकार शब्द काढणार नाही. कुणीच नाही हरवलं, तर हा विषय मी मरेपर्यंत बंद."

आणि ही माणसं हो म्हणाली. मधलीला याचाच सर्वांत जास्त वैताग आला होता. चाळिशी ओलांडलेली, कवळ्या करणारी, जमिनींचे नकाशे काढणारी शहाणी माणसं. बापाने पट मांडला की आठ वर्षांची होऊन समोर बसतात.

कारण आप्पांची काळी मोहरी या घरात पस्तीस वर्षांत कुणी हरवलेली नव्हती. तिघांना खेळ त्यांनीच शिकवला, आणि एकच सुरुवात शिकवली. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सारायचं, काळ्यानेही तसंच. मग पांढऱ्याने शेजारचं उंटापुढचं प्यादं पुढे करायचं, घे म्हणून. जगात दुसरा कुणी असता तर त्याने ते घेतलं असतं. आप्पा घेत नसत. ते आपलंच वजिरापुढचं प्यादं पुढे सारत. तू एक देतोस काय? मग हे माझं घे. समोरच्याने ते घेतलं, की राजापुढचं काळं प्यादं आणखी एक घर सरकून पांढऱ्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं जाऊन बसे. मग गिळता येईना की थुंकता येईना. याला ते उलटबळी म्हणत. "दिलेलं घ्यायचं नाही," ते सांगत. "त्याहून मोठं काहीतरी देऊन समोरच्याचं तोंड बंद करायचं."

आयुष्यही त्यांनी असंच काढलं. दादाने पहिल्या पगारातून चष्मा करून दिला, तर त्याच संध्याकाळी दादाच्या खोलीवर लंबकाचं घड्याळ जाऊन पोचलं. वहिनी डबा पाठवायची, तर डबा परत येताना तिचा बिघडलेला मिक्सर दुरुस्त होऊन यायचा, न सांगता, आणि आवाजही आधीपेक्षा कमी. त्यांच्यावर उपकार म्हणून कुणाला करता आला नाही. पोरांनीही तेच उचललं. या घरात 'बरं, चालेल' हे शब्द मधलीने क्वचितच ऐकले होते.

"वन्सं, आता तुम्ही बसा," वहिनी म्हणाली.

"तिला कशाला?" दादा खिडकीतूनच म्हणाला. "दोघं झालो, पुरे झालं."

"का बरं? त्याही आप्पांचंच मूल नाहीत का?"

"दमली असेल ती."

"दादा, मी सकाळपासून खुर्चीवर बसले आहे," मधली म्हणाली. "बसून बसून कुणी दमत नाही."

"ताई जिंकली तर प्रश्नच मिटला," टिकटिक्या म्हणाला. "म्हणजे माझी ना नाही. माझ्याकडे चार महिने म्हटलं तरी चालेल, तीन म्हटलं तरी. पण आमचा जिना अरुंद, त्यात वरच्या मजल्यावरचा कुत्रा—"

"टिकटिक्या," आप्पा म्हणाले, "चावी संपली की थांबत जा."

मधलीने पांढरी मोहरी मांडायला घेतली. हात मोहऱ्यांवर होते आणि मन भलतीकडेच. हरले, तर हे उद्या पुन्हा इथे, त्या शेगडीपाशी. जिंकले, तर माझ्याकडे. तिच्याकडे दोनच खोल्या. गेल्या वर्षी मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिला दार लावून बसता येईल अशी खोली मिळाली होती. त्या खोलीत ती काही करत नसे. खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायची, बस. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि अडचण अशी होती, की तिला जिंकता येत होतं.

तिघांना आप्पांनी शिकवलं होतं, की काटा घशात बसला की चौथ्या चालीला पांढऱ्याने उंट बाहेर काढून शह द्यायचा. मिळणारा शह सोडू नये. तिघं इमानाने पस्तीस वर्षं तो शह देत आले. आप्पा त्यापुढे एक प्यादं आडवं घालत, उंटाला पळता भुई थोडी होई, आणि काळ्याची सगळी फौज बाहेर. पण कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मधली मुकादमाबरोबर खिशातल्या पटावर खेळायची. उलटबळीही तिनेच त्याला शिकवलेला. तिथे एकदा शह द्यायचा विसरून तिने वजिरापुढचं प्यादं नुसतं एक घर पुढे केलं, आणि काटा मुळासकट निघाला. साधी, कंटाळवाणी, बायकी चाल, असं मुकादम म्हणाला होता आणि हरला होता. त्यानंतर दोन वर्षं ती माहेरी येऊन शहच देत राहिली. म्हाताऱ्या माणसाजवळ एक गोष्ट न हरलेली असावी, असं तिला वाटे.

"बोलणं बंद," आप्पा म्हणाले. पटावर बसलं की शब्द नाही, हा त्यांचा कायदा. शहसुद्धा तोंडाने म्हणायचा नाही. शह सांगायचा नसतो, दिसायला हवा.

राजापुढचं प्यादं. त्यांचंही. उंटापुढचं प्यादं. त्यांनी क्षणाचाही वेळ न लावता उलटबळी दिला. तिने घेतला. काळं प्यादं सरकून घशात बसलं.

स्वयंपाकघरात वहिनी आणि टिकटिक्याचं सुरू झालं होतं. चार-चार महिने, तर पहिले चार कुणाकडे. आधी थोरल्याकडे असतात, टिकटिक्या म्हणत होता. वहिनी विचारत होती, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय.

मधलीने आप्पांकडे पाहिलं. ते खिडकीकडे पाठ करून बसले होते आणि मान पक्ष्यासारखी तिरकी केली होती. मधूनच बोटाच्या टोकाने एखादं मोहरं घरात नीट बसवत होते. नीटच बसलेलं मोहरं. ही सवय त्यांना पूर्वी नव्हती. पोरं चाळवाचाळव करत, तेव्हा हेच हातावर टिचकी मारायचे.

तिने वजिरापुढचं प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं.

आप्पांनी लगेच हात पुढे केला. उंटापुढचं काळं प्यादं एक घर सरकवलं, बोट काढून घेतलं, आणि मान तिरकी करून समाधानाने मागे टेकले.

मधली पटाकडे बघत राहिली. त्यांनी शहापुढे प्यादं आडवं घातलं होतं. शह नव्हताच. तिचा उंट जागचा हलला नव्हता. तिने काटा काढायला घेतला होता, तो वाचवायचं सोडून त्यांनी न आलेल्या शहाला अडवलं होतं.

हा माणूस नवख्यासारखं चुकणारा नव्हता. तिने क्षणभर तोही विचार करून पाहिला, आणि सोडून दिला. मग तिला त्या नीट बसवलेल्या मोहऱ्यांचा अर्थ लागला. ते पट बघतच नव्हते. ते चाचपत होते. आणि जिथे चाचपायची गरज वाटत नव्हती, तिथे पाठ होतं. म्हणून काळी मोहरी त्यांची. म्हणून उलटबळी. तीनही पोरं कुठल्या चालीला काय करणार, हे पस्तीस वर्षांपासून ठाऊक होतं. दिसायची गरजच नव्हती.

दिवसभर लोकांच्या डोळ्यांसाठी काचा घासते मी, तिला वाटलं, आणि बापाची मान तिरकी झालेली कळत नाही.

तिचा हात पटावर गेला. प्यादं परत मागे, उंट पुढे. एका निमिषाचं काम. कुणी बघत नव्हतं. डाव मार्गाला लागला असता, ती वीस चालींत हरली असती, आप्पांची लाज राहिली असती, आणि तिची खोलीही.

तिने मान वर केली. कुणी बघत नव्हतं, असं नव्हतं. खिडकीशी उभा दादा बघत होता. पटाकडे, मग तिच्याकडे. आणि त्याने अगदी थोडी मान हलवली. नको.

म्हणजे याला माहीत होतं.

मधलीचा संताप पायापासून चढत डोक्यापर्यंत आला. सकाळपासूनचे चार तास. बाई लावू, दमली असेल, दोघं झालो पुरे झालं. नकाशे काढणारा माणूस, आणि घरात खड्डा कुठे आहे ते एकट्यालाच ठाऊक ठेवून बसलेला.

"आप्पा," ती म्हणाली, "मी शह दिलेला नाही."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. पटावर बसून कुणी बोललं, हे या घरात घड्याळ उलटं फिरण्यासारखं होतं.

आप्पा हलले नाहीत. एका घड्याळाने साडेबाराचा टोला दिला, जरा वेळाने दुसऱ्याने.

"मग काय खेळलीस?" त्यांनी विचारलं.

अगदी हळू विचारलं. तेवढ्या तीन शब्दांत सगळं सांगून झालं होतं.

"वजिरापुढचं प्यादं. एक घर."

त्यांनी हात लांब करून ते प्यादं शोधलं. बोटाने त्याचं डोकं चाचपलं. "हं," म्हणाले. "उजेड पाठीमागून येतोय, म्हणून."

"मागून येणारा उजेड पटावरच पडतो, आप्पा," टिकटिक्या म्हणाला, आणि मग गप्प झाला.

"दादा, तुला कधीपासून माहीत आहे?" मधलीने विचारलं.

"काय?" वहिनी दारातून बाहेर आली. "अहो, कसलं माहीत?"

दादाने हाताची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली. "उन्हाळ्यात डॉक्टरकडे नेलं होतं. मधलं दिसणं जातंय. कडेचं राहील म्हणाले, थोडंफार. मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही."

"उन्हाळ्यात," वहिनी म्हणाली. "आणि त्यानंतर मी तुम्हाला तीनदा म्हटलं, आप्पांना भाजी ओळखू येत नाही, बोटांनी बघतात. तुम्ही म्हणालात, वयच आहे."

"वय आहेच की."

"आणि गॅस?" मधली म्हणाली. "दादा, गॅस सुरू राहिला गुरुवारी. किल्लीवाला बाहेर गेलेला असता तर? शपथेला वास येत नाही."

"मला काय सुख होतं का त्यात? रोज रात्री फोन करत होतो. शेगडी बंद केली का म्हणून. करायचो की नाही, आप्पा?"

"करायचास," आप्पा म्हणाले. "जेवताना."

"मला का नाही सांगितलं?" टिकटिक्याने विचारलं. त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता.

"तुला सांगितलं म्हणजे किल्लीवाल्याला सांगितलं," दादा म्हणाला.

"मी कुणाला काही सांगत नाही."

"तू कवळ्या करता करता त्यांच्याशीसुद्धा बोलतोस."

कुणाला हसू आलं नाही. म्हणजे वहिनीला आलं होतं, पण तिने पदर तोंडावर घेतला. मग तिला काहीतरी सुचलं आणि पदर खाली आला. "अहो, म्हणजे सकाळी तुम्ही मुद्दाम हरलात?"

दादा खिडकीकडे वळला.

"शह न देता दुसरं काही खेळलो असतो," तो म्हणाला, "तर त्यांना कळलं नसतं मी काय खेळलो ते. तुम्ही सगळे समोर होतात."

आप्पांचा चेहरा तेव्हा बदलला. डोळ्यांचं उघडं पडलं तेव्हा बदलला नव्हता. "थोरल्या, तू डाव सोडलास?"

"सोडला असं नाही, आप्पा—"

"माझ्यासमोर बसून. सतरा चाली. आणि मी आपला समजतोय की अजून जमतंय." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "त्यापेक्षा सरळ सांगायचं होतंस सगळ्यांना."

"शपथ तुम्हीच घातलीत की," दादा म्हणाला, आणि त्याचाही बांध सुटला. "सांगावं तरी तुम्ही, न सांगावं तरी तुम्ही. माणसाने करायचं काय तुमच्यापुढे? सहा महिने मला झोप नाही. हिला खोटं बोलतोय, ताईला, याला. आणि वर ऐकायचं की डाव सोडला."

मधलीने पहिल्यांदाच नीट पाहिलं, दादाच्या डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं आली होती. रागावायचं तरी कुणावर, असं तिला झालं. या घरात एकाच्या वाट्याचा राग पुरता काढून होत नाही, तोच दुसरा उपाशी चेहरा घेऊन पुढे येतो.

"ती चाल परत घ्या, आप्पा," ती म्हणाली. "चुकून झाली. इथून पुढे नीट खेळू."

"ठेवलेलं प्यादं उचलायचं नाही."

"तुम्हाला दिसलं नव्हतं."

"हो. पण ठेवलं मीच ना?" ते पुढे सरकले. मान तिरकी करायचं त्यांनी सोडून दिलं होतं. आता ती सरळ होती, आणि नजर पटाच्या वरून पलीकडे, भिंतीवर. "चल. तुझी पाळी. बोलून खेळ."

"काटा घेते," ती म्हणाली. "प्याद्याने."

"घे. वजीर बाहेर, तुझ्या उजव्या काठाला. शह. म्हणून दाखवतोय, कारण आता कायदा मोडलाच आहे."

दोन प्यादी गमावून बसलेला माणूस, आणि शह देत होता. मधलीने प्यादं आडवं घातलं आणि सांगितलं. वजीर मागे गेला. तिने घोडा काढला, सांगितला. त्यांनी उंट. पाठ असलेलं सगळं संपलं होतं. पुढचं दोघांनाही नवं होतं. आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून बोटांनी चाचपडत खेळणारे आप्पा आता मोहऱ्यांना हातच लावत नव्हते. "घोडा तुझ्या वजिराच्या अंगावर," ते म्हणत, आणि टिकटिक्या न सांगता शेजारी येऊन बसला होता, तो त्यांची मोहरी हलवत होता. तोंडातून चकार शब्द न काढता. असं पूर्वी कधी घडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पंधराव्या चालीपर्यंत आप्पांनी एक प्यादं परत मिळवलं. विसाव्या चालीला मधलीच्या राजाभोवती इतकी गर्दी झाली, की ती कपाळ धरून बसली.

"हरवा आता त्यांना," वहिनी मागून पुटपुटली, "नाहीतर उद्यापासून परत तीच शेगडी."

"वहिनी, खेळू द्याल का मला?"

"मी कुठे धरलंय तुम्हाला?"

दादा कधी खुर्ची ओढून बसला ते कळलं नाही. सत्ताविसाव्या चालीला आप्पांनी हत्ती मधोमध आणला आणि मधलीचा हात थांबला. त्यांचा घोडा उघडा पडला होता. काठावरचं तिचं प्यादं सहा चालींपूर्वी पुढे गेलं होतं, ते त्यांच्या डोक्यातून निसटलं होतं. तिने दादाकडे पाहिलं. दादाने या वेळी मान हलवली नाही. तो नुसता बघत होता, तू काय करतेस म्हणून.

"का थांबलीस?" आप्पांनी विचारलं.

"विचार करतेय."

"विचार करताना तू नाकाने श्वास घेतेस. आत्ता घेत नाहीयेस. काय दिलं मी?"

"घोडा," ती म्हणाली. "काठावरचं प्यादं पुढे आहे माझं. तुम्ही धरलंत तिथे नाही."

आप्पा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मनातल्या पटावर ते प्यादं उचलून एक घर पुढे ठेवताना मधलीला ते जणू दिसत होते.

"खरंय," ते म्हणाले. "तू सांगितलं होतंस. मीच विसरलो." मग जरा कातावून, "घे की मग. माझी चूक मला सांभाळायची आहे, तू का सांभाळतेस? सगळी पोरं मेली एकाच साच्यातली."

तिने घोडा घेतला. हातात तो हलका लागला, कोपरे झिजलेला, जुना लाकडी घोडा.

त्यानंतर चौदा चाली झाल्या. वजीर गेले, हत्ती गेले. आप्पांनी एकही सोपी चाल दिली नाही. प्रत्येक घर मोजून मागितलं. शेवटी तिचं एक प्यादं पलीकडच्या टोकाला पोचायला दोन घरं उरली, आणि अडवायला कुणी नव्हतं. आप्पांनी हात पुढे केला, पटावर राजा शोधला. आधी हाताला उंट लागला, तो बाजूला केला, मग राजा. तो त्यांनी आडवा ठेवला.

"हरलो," ते म्हणाले. "चांगली चाल होती ती. चौथी. कधी सापडली?"

"दोन वर्षं झाली."

"आणि दोन वर्षं मला शह देत राहिलीस." ते तिच्या दिशेने बघत होते, म्हणजे तिच्या खांद्याच्या जरा डावीकडे. "तूसुद्धा सोडलेसच की डाव."

ती मोहरी गोळा करू लागली.

मग बाकीच्यांना कंठ फुटला. दादा म्हणाला, आप्पा माझ्याकडे येतील, मी माझी खोली देतो, मी दिवाणखान्यात झोपेन. टिकटिक्या म्हणाला, छे, आमच्याकडे, बारा महिने. कुत्र्याचं मी बघतो. वहिनी म्हणाली, तुमचा जिना अरुंद होता ना मघाशी? पोरांच्या परीक्षा काय, दरवर्षीच असतात, आप्पा आमच्याकडेच. सकाळी ज्या माणसाला चार महिन्यांवर कुणी ठेवून घेत नव्हतं, त्याच्यावरून आता ओढाताण. एकाने खोली दिली की दुसऱ्याने वर्ष द्यायचं. मधलीला वाटलं, ओरडावं. पण ती आतल्या खोलीत गेली, आप्पांची जुनी पिशवी काढली आणि तिच्यात सदरे भरू लागली.

"हरवलं कुणी?" तिने आतूनच विचारलं.

सगळे दारात आले.

"माझ्याकडे दोन खोल्या आहेत, आप्पा. शेजारी कारखाना आहे, पहाटे पाचला यंत्र सुरू होतं. गॅसला तुम्ही हात लावायचा नाही."

"चहा मी करीन," आप्पा म्हणाले. "तुला आयता चहा—"

"नाही."

"मग तुझी खोली तुलाच. मी बाहेर झोपेन, शिवाय भांडी—"

"आप्पा, मी तुम्हाला खोली देतेय. त्याच्या बदल्यात मला काही नको. नुसती घ्या."

 मधली सदरा हातात धरून उभी राहिली. दोन्ही भाऊ, वहिनी, कुणी हललं नाही.

"बरं," आप्पा म्हणाले. आणि शब्द नवा असल्यासारखा तोंडात घोळवून, "चालेल."

जिना ते एकटेच उतरले. कुणाला हात लावू दिला नाही, कठडाही धरला नाही. बावन्न वर्षांचा जिना, प्रत्येक पायरी पायाला ओळखत होती. टिकटिक्या पिशवी घेऊन मागे धडपडला, तेव्हा ते खाली दारात पोचलेसुद्धा होते. तिथे उंबरठ्यावर ते उभे राहिले.

समोर रस्ता होता. दुपारचं ऊन, सायकली, रविवारची माणसं. ते हलले नाहीत. मधली खाली आली, त्यांच्या शेजारी उभी राहिली. तिने हात धरला नाही.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडे किल्लीवाल्याचं स्टूल आहे, रस्त्यात आलेलं. डावीकडून चला. मग पायरी आहे, रस्ता चढवल्यापासून निम्मी राहिलेली."

आप्पांनी डावा पाय पुढे टाकला. निम्म्या पायरीवर जरा थबकले, ती जोखली, आणि उतरले.

"पुढे," ते म्हणाले.